बाकीचे बारा

तासगावच्या कोल्ड स्टोरेजात माझं टेबल
चार नंबरच्या चेंबरच्या दाराशी.
दार उघडलं की भर एप्रिलात गुडघे गारठतात,
म्हणून पायांवर रिकामं पोतं.
समोर आवक-जावकची वही,
वहीखाली रद्द झालेल्या पावत्या,
पावत्यांच्या पाठीवर माझी नऊ बाय नऊ घरं.

कोडं करणं हे सोडवण्याच्या उलटं असतं.
आधी उत्तर लिहायचं, सगळं,
एक्क्याऐंशी घरं शिगोशीग भरून.
मग खोडरबर.
एक आकडा पुसायचा आणि थांबायचं:
अजून एकाच वाटेनं पोचता येतं का?
येत असेल तर पुढचा.
कधी एखादा पाच पुसला
की पलीकडच्या कोपऱ्यातला दोन
अचानक कुठंही बसायला तयार होतो.
इतका वेळ तो ह्या पाचच्या जिवावर सरळ होता
हे त्याला पुसल्याशिवाय कळत नाही.

शेवटी पंचवीस-सव्वीस उरतात.
रबराचा चुरा फुंकायचा. झालं.
फक्त एक गोष्ट होत नाही.
ते कोडं मला स्वतःला सोडवता येत नाही,
मला उत्तर ठाऊक असतं.

म्हणून मल्लव्वा.
जतच्या पलीकडची, निवडणीवर असते,
चौथीपर्यंत कानडी शाळा.
मराठी आकडे वाचते, मोजते मात्र मनातल्या मनात कानडीत,
ओठ हलतात तेव्हा समजतं.
हात बेदाण्यातले देठ खुडत असतात,
पावती गुडघ्याखाली दाबलेली.
संध्याकाळी परत देते, काही न बोलता,
हळदीकुंकवाची वाटी परत करावी तशी,
भरून.

एका मंगळवारी दिली नाही.
बुधवारीही नाही.
गुरुवारी टेबलाशी आली, पदराला हात पुसत:
"ताई, ह्याला दोन उत्तरं हायती."
शक्यच नाही, मी म्हणाले.
तिनं चार घरं दाखवली,
दोन ओळी, दोन रांगा,
तीन-सात, खाली सात-तीन.
"उलटं घातलं तरी बसतंय."
मी तीनदा तपासलं.
बसत होतं.
सावळजचा ट्रक आला त्या घाईत
एक सात मी न विचारता पुसला होता.

पावतीत किलो चुकला तर शेठ गावभर ऐकवतात.
ही चूक कुणाला दिसली नसती.
"दोन दिस मला वाटलं, माझंच चुकतंय,"
ती म्हणाली, आणि हसली नाही.
मी तिच्या देखत सात परत लिहिला.
बाकी काही सुचलं नाही.

मग ह्या शनिवारी
क्रेटच्या झाकणावर खडूनं सोळा घरं आखून
तिनं माझ्यासमोर ठेवलं.
आकडे नाहीत. बेदाणे. चारच.
वरच्या ओळीत पहिल्याच घरात हिरवा,
दुसरीत अगदी शेवटी पुन्हा हिरवा,
तिसरीत तिसऱ्या घरात पिवळा,
चौथीत दुसऱ्या घरात तपकिरी.
ओळीत चार रंग, रांगेत चार, चौकोनात चार,
कुणी दोनदा नाही.
"चौथा रंग कुठला?"
"काळा."
"पण काळा तर एकही नाही!"
"नसंना का. येतोय."

मला एकदम आठवलं:
"आणि उरलेले बारा?"
"खाल्ले," ती म्हणाली.
"येक येक. आदी बगिटलं, मग खाल्लं."

माझ्या रबराला आजवर
कधी एवढी भीती वाटली नव्हती.
पुसलेलं परत लिहिता येतं.

डबा तसाच राहिला.
साडेतीनला मी उठले, तिच्या सुपातून
एक काळा उचलला,
पहिल्या ओळीत दुसऱ्या घरात ठेवला
आणि तिच्याकडे पाहिलं.
ती देठ खुडत होती.
मान वर न करता म्हणाली,
"आता अकरा ऱ्हायले."